खान्देशात अंडाशयाच्या कॅन्सरची जनुकचाचणी: शिबिर घ्यावं का, आणि रक्त आधी कुणाचं?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. आपल्याकडे समाजाच्या मेळाव्यात रक्तदान होतं, शुगर-बीपी होतं, डोळ्यांची तपासणी होते. त्याच मांडवात बायकांची बीआरसीए चाचणी, म्हणजे अंडाशय-स्तनाच्या कॅन्सरचा जन्मजात धोका सांगणारी जनुकचाचणी, उरकून घेता येईल का, असं आता मंडळांचे पदाधिकारी विचारू लागलेत. आधार एवढाच की ज्यू समाजात अशी सरसकट चाचणी होते आणि आपलीही लग्नं पिढ्यान्पिढ्या समाजातच होत आली. लेवा पाटीदार, गुजर, बडगुजर, राजपूत, मराठा, माळी, सगळीकडे हीच परिस्थिती.

मला चार गोष्टी नीट कळायला हव्यात. आपल्या समाजांसाठी अशी ठरलेली चाचणी आहे का? नसेल तर रक्त कुणाचं घ्यायचं? रिपोर्ट आल्यावर पुढे काय? आणि खर्च किती? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं. इथलं वाचून कुणीतरी मांडव घालणार आहे, म्हणून नेमकं लिहा ही विनंती.

सातपुडा_पायथा

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच घोटाळा होतो.

बीआरसीए-१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे आणि बीआरसीए-२ हे १३व्यावर. दोन्हींचं काम तुटलेला डीएनए दुरुस्त करणं. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक प्रत जन्मापासून बिघडलेली असली की अंडाशय, गर्भनलिका आणि स्तन इथे कॅन्सरचा धोका वाढतो. किती वाढतो? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीप्रमाणे बीआरसीए-१ बिघडलेल्या १०० बायकांपैकी साधारण ४४ जणींना वयाच्या ८० पर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होतो, बीआरसीए-२ मध्ये साधारण १७ जणींना. बिघाड नसलेल्या बायकांत हा आकडा शंभरात एक-दीडच्या आसपास असतो.

आता समाजाचं. अश्कनाझी ज्यूंमध्ये साधारण ४० जणांत एकाकडे बिघाड असतो आणि त्यातले बहुतेक बिघाड तीनच ठरलेले आहेत: बीआरसीए-१ मधले १८५डेलएजी आणि ५३८२इन्ससी, बीआरसीए-२ मधला ६१७४डेलटी. फार मागच्या काळात थोड्या पूर्वजांपासून समाज वाढला, म्हणून त्या पूर्वजांचे बिघाड सगळीकडे पसरले. याला संस्थापक बदल म्हणतात. आइसलँडमध्ये बीआरसीए-२ चा ९९९डेल५ हा असाच एक. पोलंडमध्ये बीआरसीए-१ चे मोजके. तीन जागा तपासल्या की काम होतं, म्हणून तिथे चाचणी स्वस्त पडते आणि सरसकट करता येते.

आपल्याकडे लग्नं समाजातच होतात हे खरं. २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ गटांचा अभ्यास झाला. त्यात ८१ गटांमध्ये हा संस्थापक परिणाम अश्कनाझी ज्यू आणि फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र निघाला. पण त्यावरून एवढंच कळतं की अशा समाजांत कुठला ना कुठला जुना बिघाड साचलेला असू शकतो. तो बीआरसीएचाच असेल असं नाही. आंध्रातल्या वैश्य समाजात साचला तो भुलीच्या एका औषधाला शरीर सोसत नाही असा बिघाड, कॅन्सरशी त्याचा काही संबंध नाही. खान्देशातल्या कुठल्याही समाजासाठी 'या तीन जागा तपासा' अशी यादी वापरात नाही. तेव्हा कुणी ज्यूंची तीन जागांची चाचणी स्वस्तात करून देतो म्हणाला तर घेऊ नका. ती निगेटिव्ह आली तरी आपल्या बाईला त्यातून काहीही कळत नाही. इथे दोन्ही जनुकं पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचावी लागतात.

वाघूर

सातपुडा दादांशी थोडं असहमत आहे. घरात कॅन्सर आहे अशांचीच चाचणी करायची म्हटलं की फार लोक सुटतात. लंडनमध्ये ज्यू स्त्री-पुरुषांवर झालेल्या चाचणीत दिसलं की फक्त घरातला इतिहास बघून निवडलं असतं तर निम्म्याहून जास्त वाहक, म्हणजे बिघडलेली प्रत असलेली माणसं, हाती लागलेच नसते. म्हणूनच इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२४ मध्ये एक आजी किंवा आजोबा ज्यू असला तरी मोफत चाचणी देऊ केली.

आपल्याकडे तर इतिहास आणखी लपतो. दोन-तीन पिढ्या मुलगेच झाले की बिघाड बापाकडून मुलाकडे गुपचूप उतरत राहतो आणि नातीला ४५व्या वर्षी पोटात पाणी होतं तेव्हा सगळे म्हणतात, आमच्या घरात तर कुणालाच नव्हतं. हा मुद्दा शिबिरवाल्यांनी सोडू नये.

सातपुडा_पायथा

वाघूर ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि लपण्याबद्दल लिहिलंत ते तर शंभर टक्के. पण लंडनमध्ये तीन जागा तपासायच्या होत्या आणि चाळिसात एक सापडणार होता. सर्वसाधारण लोकसंख्येत वाहकाचा जुना अंदाज ३०० ते ५०० जणांत एक असा आहे. मेळाव्यात २०० बायकांची पूर्ण जनुकं वाचली तर कदाचित एकही सापडणार नाही. उलट अर्थ न लागलेले बदल मात्र ढिगाने सापडतील आणि तितक्या घरांत विनाकारण घबराट होईल.

तेच २०० बायकांचे पैसे जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर खर्च करा. या कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकारात, म्हणजे हाय-ग्रेड सीरसमध्ये, चार-पाच जणींत एकीला जन्मजात बीआरसीए बिघाड असतो. एक सापडली की तिच्या बहिणी, भाऊ, मुलं-मुली, मावशी, काका असे आठ-दहा जण नेमके हाताशी येतात. त्यांतल्या सख्ख्यांना प्रत्येकी निम्मी शक्यता. तुम्ही म्हणता ती लपलेली घरंही याच वाटेने उघडतात, कारण रुग्णाची चाचणी घरातला इतिहास असो-नसो करायचीच असते. अंडाशयाच्या एपिथेलियल, म्हणजे आवरणाच्या पेशींच्या, कॅन्सरच्या प्रत्येक बाईला, वय कितीही असो, ही चाचणी द्यावी हे आता जगभर मान्य आहे.

वाघूर

हे पटलं. म्हणजे आधी आजारी बाई, मग नातलग. आजारी बाई हयात नसेल तर?

सातपुडा_पायथा

तर तिच्या सगळ्यात जवळच्या, वयाने मोठ्या नातलगापासून सुरुवात. ऑपरेशन झालेल्या दवाखान्याच्या पॅथॉलॉजीकडे तिचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, असेल तर त्यावरूनही कधीकधी चाचणी होते. पण मेणातला डीएनए तुटलेला असतो. शिवाय गाठीत सापडलेला बदल जन्मजात आहे की फक्त गाठीत झालेला, हे रक्त तपासल्याशिवाय ठरत नाही.

अक्का_चाळीसगाव

शिबिर घ्यायचंच असेल तर रक्ताचं घेऊ नका, वंशवेलीचं घ्या. टेबल, खुर्च्या, मोठे ड्रॉइंगचे कागद आणि विचारायला बसलेल्या दोन-तीन समजदार बायका. एका घराला पाऊण तास लागतो, त्याहून घाई करू नये.

आपल्याकडे अडतं ते शब्दांवर. 'पिशवीचा कॅन्सर' म्हटलं की त्यात गर्भाशयाचं तोंड, गर्भाशय, अंडाशय सगळं येतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो, त्याचा बीआरसीएशी संबंध नाही. म्हणून उलट प्रश्न विचारायचे. अंगावरून जात होतं का, संभोगानंतर रक्त जायचं का, शेक म्हणजे रेडिएशन दिलं का? हो असेल तर बहुधा तोंडाचा. पोट फुगलं होतं का, सुई लावून पोटातलं पाणी काढलं का, ऑपरेशनआधी तीन केमो आणि नंतर तीन असं झालं का? तर बहुधा अंडाशयाचा. 'जलोदर होऊन गेली' असं ऐकलं की तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवायचं. ते लिव्हरचं असेल, पोटाचा टीबी असेल किंवा अंडाशय. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलं असेल तर गर्भाशयाचं अस्तर. अशा घरात मोठ्या आतड्याचाही कॅन्सर असेल तर बीआरसीए बाजूला ठेवून लिंच सिंड्रोमचा, म्हणजे आतडं आणि गर्भाशय यांच्या आनुवंशिक कॅन्सरचा, विचार करावा लागतो. त्याची जनुकं वेगळी, एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२.

मग कागद. 'घरातले जुने रिपोर्ट घेऊन या' असं आमंत्रणातच छापा. लोखंडी पेटीत, कॅरीबॅगमध्ये, एक्स-रेच्या पाकिटात सापडतात. फाइलचा जाड गठ्ठा बाजूला ठेवून एकच कागद शोधायचा, हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेली गाठ तपासल्याचा. जुन्या रिपोर्टवर 'पॅपिलरी सीरस सिस्टॅडेनोकार्सिनोमा' लिहिलेलं असलं तर ते आपल्या कामाचं. 'म्युसिनस' असेल तर बीआरसीए फारसा संभवत नाही. 'क्रुकेनबर्ग' असेल तर तो मुळात जठराचा किंवा आतड्याचा, अंडाशयात नंतर आलेला. 'डिसजर्मिनोमा' किंवा 'ग्रॅन्युलोसा सेल' असेल तर तेही वेगळंच प्रकरण. १६-१७ वर्षांच्या मुलीच्या पोटात गोळा होता असं सांगतात ते बहुधा हेच.

तीन पिढ्या, दोन्ही बाजू. आत्या, चुलत आत्या आणि आजोबांच्या बहिणी हमखास सुटतात, कारण त्या लग्न होऊन गेल्या आणि आडनाव बदललं. पुरुषांनाही विचारा. प्रोस्टेट, स्वादुपिंड आणि पुरुषाच्या छातीतली गाठ यांची नोंद घ्या. आजाराच्या वेळचं वय महत्त्वाचं. नक्की आठवत नसेल तर 'मोठ्या पोराच्या लग्नाच्या आधी की नंतर' असं विचारलं की उत्तर येतं. भाटाच्या वहीत किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे नामावळी असते, पिढ्या जुळवायला तिचा उपयोग होतो. आजार मात्र घरातल्या म्हाताऱ्या बायकांनाच ठाऊक असतात, तेव्हा आजीला खुर्चीवर बसवा आणि तिला बोलू द्या.

अक्का_चाळीसगाव

एक फार महत्त्वाचं राहिलं, म्हणून वेगळं लिहिते. 'माझी पिशवी काढली आहे, मला आता कशाला तपासता?' हे दर दुसरी बाई म्हणते. आपल्या भागात पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बायका खूप. पिशवी काढली म्हणजे अंडाशय काढले असं नाही. डिस्चार्ज कार्ड बघा. नुसतं 'टीएएच' असेल तर फक्त गर्भाशय गेलंय, अंडाशय आत आहेत आणि वाहक असेल तर धोका तसाच आहे. 'टीएएच विथ बीएसओ' असेल तर दोन्ही अंडाशय आणि नळ्याही काढल्यात. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत विचारून घ्या, 'ओव्हरी दिसतात का'. कुटुंबनियोजनाचा टाका म्हणजेही नळ्या काढणं नव्हे. त्या बांधलेल्या असतात, आतच असतात.

लालमाती_यावल

नमुन्याबद्दल लिहितो, कारण मोठ्या शहरातली लॅब रिजेक्ट करते ती बहुतेक इथल्या चुकांमुळे.

जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी, ३ ते ५ मिली रक्त. हिरव्या झाकणाची नको, तिच्यातल्या हेपरिनमुळे पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची, प्रक्रिया अडते. रक्त भरल्याबरोबर नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची. झटकायची नाही आणि नुसती स्टँडला लावूनही ठेवायची नाही. घाईच्या शिबिरात हेच चुकतं, तळाशी गुठळी होते आणि नमुना जातो. उपाशीपोटी असायची गरज नाही. लेबल बाईच्या समोर, नळी हातात असतानाच लावायचं. आधी लेबल लावलेल्या नळ्यांची रांग मांडून ठेवली की एकाच आडनावाच्या चार सुनांची अदलाबदल झालीच म्हणून समजा. पूर्ण नाव, जन्मतारीख, घेतल्याची वेळ.

उन्हाळ्यात विशेष काळजी. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो. एसटीच्या पार्सलमध्ये किंवा कुरिअरच्या बंद गाडीत त्याहून जास्त तापतं. नळी थर्माकोलच्या डब्यात, जेल पॅकसोबत, पण मध्ये कापूस किंवा बबल शीट घालून. गोठलेल्या पॅकला चिकटली तर रक्त गोठून फुटतं, तेही वाया. नमुना सोमवार ते बुधवारच घ्यायचा. शनिवारी घेतलेला दोन दिवस डेपोत पडून राहतो. एक रात्र ठेवायचाच असेल तर साध्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, फ्रीझरमध्ये कधीच नाही.

थुंकीच्या किटवरही चाचणी होते. त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखू-मिश्री तर नाहीच. नुकतंच रक्त चढवलं असेल तर किती दिवस थांबायचं ते लॅबला विचारा. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचं रक्त चालत नाही, कारण त्या रक्तातला डीएनए दात्याचा असतो. तिथे त्वचेचा तुकडा लागतो.

लॅब निवडताना एकच गोष्ट विचारा: एनजीएससोबत एमएलपीए किंवा तसं काही करता का? एनजीएस अक्षरं वाचतं. जनुकाचा एक मोठा तुकडाच गायब किंवा दुप्पट असेल तर ते नुसत्या वाचनातून निसटू शकतं, त्यासाठी दुसरी मोजणी लागते. घरपोच मिळणारे 'तुमचं कूळ जाणून घ्या' छापाचे किट मोजक्या जागाच बघतात. या कामाला ते नकोत.

पांझरा

रिपोर्ट कसा वाचायचा ते कुणी सांगेल का? काही रिपोर्टवर 'व्हीयूएस' असं लिहून येतं. ते चांगलं की वाईट?

सातपुडा_पायथा

पांझरा ताई, रिपोर्टमध्ये सापडलेल्या बदलाला पाचपैकी एक दर्जा दिलेला असतो. पॅथोजेनिक आणि लाइकली पॅथोजेनिक म्हणजे बिघाड खरा, पुढची पावलं उचलायची. बिनाइन आणि लाइकली बिनाइन म्हणजे निरुपद्रवी, बहुतेकदा छापतही नाहीत. मधला व्हीयूएस म्हणजे अर्थ अजून न लागलेला बदल. चांगला की वाईट, याचा पुरावाच पुरेसा नाही. जगातली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, त्यामुळे आपल्या लोकांमध्ये व्हीयूएस जास्त येतात.

व्हीयूएस आला म्हणून अंडाशय काढायचे नाहीत, बहिणीची चाचणी करायची नाही, सोयरीक तर मोडायचीच नाही. घरातला इतिहास जेवढा सांगतो तेवढीच काळजी घ्यायची आणि वर्ष-दोन वर्षांनी लॅबला दर्जा बदलला का ते विचारायचं. पुढे कळतं तेव्हा बहुतेक व्हीयूएस निरुपद्रवीच निघतात.

निगेटिव्हचेही दोन अर्थ आहेत. आईचा बिघाड माहीत आहे आणि मुलीत तोच नाही, तर मुलगी खरोखर सुटली, तिचा धोका चारचौघींइतका. पण घरात तीन जणींना कॅन्सर होऊन गेला, आजारी बाईची चाचणी कधी झालीच नाही आणि निरोगी मुलीची निगेटिव्ह आली, तर त्या निगेटिव्हवर विसंबता येत नाही. आधी आजारी बाई, हे वर लिहिलं त्याचं कारण हेच.

आणि मूळ रिपोर्टची पूर्ण प्रत जपून ठेवा. जनुकाचं नाव आणि 'सी.' ने सुरू होणारा तो बदलाचा क्रमांक अक्षरन् अक्षर लागतो. नातलगांची पुढे फक्त तेवढी एक जागा तपासली जाते, ती चाचणी काही हजारांत होते. 'मावशीला बीआरसीए होता' एवढ्यावर लॅब काही करू शकत नाही. मावशीचा रिपोर्ट माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या नावावर असेल तर दोन्ही नावं फॉर्मवर लिहा.

तोरणमाळ

नंदुरबारकडून एक प्रश्न येतोच, म्हणून मीच उत्तर लिहून ठेवते. भिल्ल, पावरा, मावची गावांत सिकलसेलची तपासणी घरोघरी पोचलेली आहे, २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही आहे. त्यामुळे 'वाहक' हा शब्द सगळ्यांना माहीत. पण लोक दोन्ही वाहक एकच समजतात.

सिकलसेलच्या वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजाराची चारात एक शक्यता, म्हणून लग्नाआधी कार्ड जुळवून बघा असं सांगतात. बीआरसीएत वाहक बाईलाच धोका असतो आणि जोडीदार कसाही असला तरी प्रत्येक मुला-मुलीकडे बिघाड जाण्याची निम्मी शक्यता. तेव्हा लग्नाआधी कार्ड जुळवण्याचा नियम इथे लागू नाही. फक्त मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न ठरत असेल आणि घरात बिघाड माहीत असेल तर दोघांची तपासणी करून घ्यावी. दोघांकडे बीआरसीए-२ चा बिघाड असेल तर मुलाला फॅन्कोनी ॲनिमिया हा लहानपणीच रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो.

आणि हात जोडून सांगते, मेळाव्याच्या माइकवरून नावं वाचू नका. रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिचा रिपोर्ट फक्त तिच्या हातात, समुपदेशकासमोर. नवऱ्याला, सासूला सांगायचं की नाही ते ती ठरवेल. १८ वर्षांखालच्या मुलींची ही चाचणी करत नाहीत. लहान वयात करण्यासारखं काही नसतं आणि ठरवायचा हक्क तिचा आहे.

वाघूर

पॉझिटिव्ह आली तर पुढे काय, हे लिहिल्याशिवाय हा धागा अपुरा राहील. दर वर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करत राहिलं की चालेल, असा मोठा गैरसमज आहे.

डॉ_निंबाच्या_सावलीत

चालत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं हे करून पाहिलं. २०२१ च्या निकालात अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. त्या बायका सर्वसाधारण धोक्याच्या होत्या, पण वाहक बायकांतही तपासण्यांच्या भरवशावर राहता येईल असा पुरावा नाही. सीए-१२५ ची नेहमीची मर्यादा ३५. ती पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पोटाच्या टीबीतही ओलांडली जाते, आणि आपल्याकडे टीबी काही दुर्मीळ नाही. कॅन्सर पहिल्या टप्प्यात असताना मात्र ती बऱ्याचदा नॉर्मलच असते.

धोका खरोखर घटतो तो मुलंबाळं झाल्यावर दोन्ही अंडाशय आणि दोन्ही नळ्या काढल्याने, साधारण ८० टक्क्यांच्या आसपास. बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४० या वयात, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं. बीआरआयपी-१, आरएडी-५१सी आणि ५१डी या अंडाशयाचा धोका वाढवणाऱ्या दुसऱ्या जनुकांत ४५ ते ५०. थोडा धोका नंतरही उरतो, कारण पोटाच्या आतल्या पडद्यावर हाच कॅन्सर होऊ शकतो.

हे ऑपरेशन नेहमीच्या पिशवीच्या ऑपरेशनसारखं उरकायचं नसतं. दुर्बिणीतून आत गेल्यावर आधी सगळं पोट बघायचं. मग साधारण ५० मिली सलाइनने ओटीपोट धुऊन ते पाणी तपासणीला पाठवायचं. अंडाशयाची रक्तवाहिनी अंडाशयापासून दोन सेंटिमीटर वर कापायची, म्हणजे अंडाशयाची ऊती मागे राहत नाही. काढलेलं सगळं थैलीत घालून बाहेर काढायचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ठळक लिहायचं: 'बीआरसीए वाहक, नळ्यांची संपूर्ण तपासणी'. हा कॅन्सर बहुधा अंडाशयात सुरू होत नाही, नळीच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो. त्या टोकाचे उभे आणि बाकी नळीचे आडवे, दोन-तीन मिलिमीटरचे काप करून सगळेच्या सगळे बघावे लागतात. फॉर्मवर काहीच लिहिलं नाही तर नेहमीप्रमाणे नळीचा एखादा तुकडा बघून 'नॉर्मल' असा रिपोर्ट येतो, आणि वरून निरोगी दिसणाऱ्या नळीत मोहरीएवढी सुरुवात झालेली असली तर ती निसटते. शंभरातल्या काही जणींत ती सापडते, आणि तिथून पुढचे उपचारच बदलतात.

ऑपरेशननंतर पाळी एकदम थांबते. अंगाची लाही, झोप न लागणं, योनीचा कोरडेपणा, हाडं ठिसूळ होणं हे त्यासोबत येतं. स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल देता येतं. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि हाडांची डेक्सा तपासणीही लागते. हे आधी सांगितलं नाही तर बाई म्हणते, मला आजार नव्हता, तुम्ही लावला, आणि तिचं म्हणणं चूक नसतं.

तोवर काय? गर्भनिरोधक गोळ्या काही वर्षं घेतल्या तर अंडाशयाचा धोका जवळपास निम्मा होतो, पण स्तनाचा इतिहास बघून डॉक्टरांनीच ठरवायचं. नुसत्या नळ्या आधी काढून अंडाशय नंतर काढायचे, हा मार्ग अजून चाचण्यांतच आहे. स्तनासाठी २५ व्या वर्षापासून वर्षातून एकदा एमआरआय, तिशीनंतर मॅमोग्राफीही. आणि पोट फुगणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी हे नव्याने सुरू होऊन महिन्यातले बारा-पंधरा दिवस राहत असेल तर त्याला गॅस म्हणून सोडा पिऊन काढायचं नाही.

आजारी बाईलाही चाचणीचा फायदा होतो, हे तिला सांगा. बीआरसीए बिघाड असेल तर केमोनंतर ओलापरिबसारख्या गोळ्या चालतात. पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या अभ्यासात सात वर्षांनी गोळी घेतलेल्या ६७ टक्के बायका हयात होत्या, न घेतलेल्या साधारण ४६ टक्के.

पांझरा

खर्चाचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून मला ठाऊक आहे ते लिहिते. खासगी लॅबमध्ये दोन्ही जनुकांची पूर्ण चाचणी आजमितीला साधारण १० ते २५ हजारांत होते, तीन-चार आठवड्यांत रिपोर्ट येतो. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो बसतं. निरोगी नातलगाची जनुकचाचणी बसेल असं धरून चालू नका, आधी विचारून घ्या. मुंबईला टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे. तिकडे जाताना वंशवेल, हिस्टोपॅथॉलॉजीचा कागद आणि शक्य असेल तर आजारी बाई स्वतः, हे तिन्ही सोबत न्या, नाहीतर पुन्हा फेरी पडते. रक्त भुसावळहून पाठवा की मुंबईत द्या, समुपदेशन मात्र चाचणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. नंतरचं फोनवर किंवा व्हिडिओवरही होतं.

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळापुढे आता असं ठेवतो: रक्ताचं शिबिर रद्द, वंशवेलीची चार टेबलं, आमंत्रणात जुने रिपोर्ट आणायची ओळ. जमा झालेला निधी तिन्ही जिल्ह्यांतल्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या चाचणीला, जात-समाज न बघता. अक्का, कागदावर रकाने कोणते ठेवू?

अक्का_चाळीसगाव

नाव, माहेरचं आडनाव, हयात की नाही, आजार कुठल्या अवयवाचा, तेव्हाचं वय, कागद पाहिला की नुसतं ऐकलं, अंडाशय काढलेत का. 'कागद पाहिला की ऐकलं' हा रकाना अजिबात गाळू नका. आणि पेन्सिल ठेवा, पेन नको. घरी गेल्यावर कुणालातरी आणखी एक आत्या आठवते.